गणित, नाणी आणि वरकड : दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे संशोधन



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर चुकले म्हणून ते सबंध उदाहरणावर फुली मारीत नसत. जी पायरी चुकली तिच्याखाली रेघ ओढून वही परत देत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यामुळे आजच्या व्याख्यानासाठी गणितज्ञाचाच विषय निवडावा असे ठरविले. मात्र दामोदर धर्मानंद कोसंबी हे केवळ गणितज्ञ नव्हते. शुद्ध गणित, सैद्धांतिक पदार्थविज्ञानाला भिडणारी भूमिती, संख्याशास्त्र, नाणेशास्त्र, प्राचीन इतिहास आणि राजकीय अर्थशास्त्र एवढ्या प्रांतांत त्यांनी मूलगामी काम केले. त्यांच्याविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा इतिहासकार म्हणून. गणिताचा उल्लेख ‘ते गणिताचे प्राध्यापक होते’ एवढ्या वाक्यात आटोपतो. मला आज दोन्ही बाजू एकत्र ठेवून एक प्रश्न विचारावयाचा आहे : इतक्या असामान्य बुद्धीच्या माणसाला इतिहासात जे साधले ते गणितात अखेरपर्यंत का साधले नाही?

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्याबरोबर दामोदर बालपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतले. दोन वर्षे बनारसला शिकविल्यावर १९३१ साली ते अलीगढला गेले. येथे आपल्या हैदराबादचा एक धागा येतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

सर सय्यद अहमदखान यांचे नातू रॉस मसूद हे १९१६ पासून बारा वर्षे निजामाच्या राज्यात शिक्षण खात्याचे संचालक होते. उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. (ई. एम. फॉर्स्टर यांनी आपली हिंदुस्थानावरील कादंबरी ज्या मित्राला अर्पण केली ते हेच.) येथून ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले आणि त्यांनी एक धाडस केले : गणिताच्या प्रमुखपदी आंद्रे वेय या अवघ्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाला नेमले. वेय पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक ठरले. त्यांनी अलीगढला टी. विजयराघवन यांना आणले, कोसंबींना आणले. म्हणजे १९३१ साली उत्तर हिंदुस्थानातील एका विद्यापीठात तिशीच्या आतबाहेरचे तीन अव्वल गणिती एकमेकांना रोज भेटत होते, एकमेकांची प्रमेये तपासत होते.

त्या सहवासातील एक थट्टा गणिताच्या इतिहासात नोंदली गेली आहे. वेय यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक लेख लिहिला आणि त्यात एका प्रमेयाचे श्रेय ‘बुर्बाकी’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाला दिले. शीर्षकात ते नाव घालून लेख छापलाही. पॅरिसच्या विद्यार्थ्यांतील हे थट्टेचे नाव गणिताच्या नियतकालिकात आले ते प्रथम येथे. काही वर्षांनी वेय आणि त्यांचे मित्र याच नावाने एकत्र लिहू लागले. त्या मंडळींच्या बैठकांत प्रत्येक मसुदा मोठ्याने वाचला जाई, त्याच्या चिंध्या केल्या जात आणि तो दुसऱ्याने पुन्हा लिहावा असा दंडक होता. ‘बुर्बाकी’ने गणिताची भाषा बदलून टाकली.

अलीगढचा मेळ मात्र दोन वर्षेही टिकला नाही. १९३२ साली वेय यांचे पद गेले. विजयराघवन ढाक्याला गेले, आणि कोसंबी १९३३ साली पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वेय पॅरिसच्या मंडळीत परतले. कोसंबींना पुण्यात तशी मंडळी नव्हती. माझ्या मते त्यांच्या पुढील आयुष्यातील बरेच काही या एका घटनेने ठरले.

त्याच सुमारास खुद्द हैदराबादेत काय चालले होते? उस्मानियातून उर्दू माध्यमात शिकलेले रझिउद्दीन सिद्दीकी केंब्रिजला आणि नंतर लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे शिकून परतले आणि उस्मानियात गणित व नवे पुंजभौतिक शिकवू लागले. येथील भाषांतर विभागाने उच्च गणिताचे ग्रंथ उर्दूत आणले होते. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील मुले उस्मानियात येऊन कलनशास्त्र उर्दूत शिकत. देशी भाषेत उच्च गणित शिकविता येते, हे या शहराने १९१८ पासून दाखविले. ती भाषा त्या मुलांची स्वतःची नव्हती, हेही तितकेच खरे. सिद्दीकी १९५० साली पाकिस्तानात गेले.

आता कोसंबींच्या भूमितीकडे वळू. विषय अवघड आहे, पण त्याचा गाभा सांगता येण्याजोगा आहे. नेहमीच्या भूमितीत अंतर मोजण्याची पट्टी आधी हाती असते आणि दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट त्या पट्टीवरून काढतात. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली दाखविले की वस्तुमानाच्या सान्निध्यात ही पट्टीच वाकते, आणि ग्रह ज्या वाटांनी जातात त्या वाकलेल्या पट्टीच्या ‘सरळ’ वाटा होत. कोसंबींनी प्रश्न उलटा केला. समजा, पट्टी आपल्याजवळ नाहीच. आपल्याला दिसतात त्या फक्त वाटा. केवळ वाटांवरून त्या प्रदेशाची भूमिती ओळखता येईल काय? त्यांचा हा निबंध १९३३ साली जर्मनीतील प्रतिष्ठित गणितपत्रिकेत छापून आला. त्याच्या जोडीला फ्रान्सचे ज्येष्ठ भूमितिज्ञ एली कार्तान यांचे टिपणही त्याच विषयावर होते. पुढे चर्न यांनी हे काम वाढविले, आणि आज ते कोसंबी–कार्तान–चर्न सिद्धांत या नावाने ओळखले जाते. पंचविशीतील तरुणाला कार्तान यांच्यासारखा वाचक मिळाला, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुण्यात एकट्याने केलेल्या कामातही दोन गोष्टी अव्वल आहेत. यादृच्छिक रीतीने हलणाऱ्या वक्राचे मोजक्या मूळ घटकांत पृथक्करण कसे करावे, हे त्यांनी १९४३ साली मांडले. थोड्याच वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी तेच स्वतंत्रपणे मांडले आणि आज ते त्या दोघांच्या नावाने शिकविले जाते. कोसंबींचा निबंध भारतीय गणित सोसायटीच्या नियतकालिकात पडून राहिला. दुसरी गोष्ट अधिक भाग्यवान ठरली. गुणसूत्रावरील दोन जनुकांतले अंतर संकरातून दिसणाऱ्या अदलाबदलीवरून कसे काढावे, याचे एक छोटे सूत्र त्यांनी १९४४च्या सुमारास दिले. चार पानांचा निबंध! आपल्या शहराला लागून पाटणचेरू येथे १९७२ पासून इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ज्वारी, हरभरा, तूर, भुईमूग या पिकांचे जनुकनकाशे तेथे तयार होतात, आणि त्या निबंधांत अंतरे कोणत्या रीतीने काढली या रकान्यात कोसंबींचे नाव वारंवार येते. आपल्यापैकी जे तेथे नोकरीस होते वा आहेत त्यांनी ते वाचलेही असेल. ते गोव्याचे नि पुण्याचे कोसंबी, हे कदाचित सर्वांच्या ध्यानात आले नसेल.

आता नाण्यांकडे येतो. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण गणितातून अर्थशास्त्राकडे जाणारी त्यांची वाट या नाण्यांतून गेली.

आपल्या देशातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, साल नाही. एका बाजूस पाच ठसे आणि दुसऱ्या बाजूस काही बारीक खुणा. ती कोणाची, कोणती आधीची, यावर विद्वानांत नुसते तर्क चालत. कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा विचार असा : नाणे हातोहाती फिरते तेव्हा दर वेळी अगदी सूक्ष्म झिजते. सर्व नाणी सारखी फिरत नाहीत. एखादे गाठोड्यात पडून राहते, एखादे बाजारात अखंड फिरते. म्हणून एकेका नाण्याच्या वजनावरून काहीच कळणार नाही. पण एकाच वेळी पाडलेल्या शेकडो नाण्यांची सरासरी घेतली तर ती काळाबरोबर एकसारखी घटत जाईल, आणि नाण्यानाण्यांतील फरक मात्र वाढत जाईल. हे गृहीत धरण्यावर ते थांबले नाहीत. चालू व्यवहारातील, साल छापलेली नाणी मोठ्या संख्येने तोलून त्यांनी नियम पडताळून पाहिला.

मग ते तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळले. तेथील एका साठ्यात अलेक्झांडरची जवळजवळ न झिजलेली नाणी सापडली होती, म्हणून साठा केव्हा पुरला गेला याचा अंदाज होता. मागील बाजूच्या बारीक खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे कोसंबींना आढळले. म्हणजे त्या खुणा टांकसाळीच्या नसून ठरावीक काळाने नाणे पारखणाऱ्या सराफ-व्यापाऱ्यांच्या असाव्यात, आणि नाण्याच्या पाठीवर त्याचे वय कोरलेले असावे! नंतरच्या, मौर्यकाळातील साठ्यात नाण्यांतले तांबे वाढलेले, वजन ओबडधोबड आणि पारखीच्या खुणा जवळजवळ नाहीत. कोसंबींनी यातून मौर्यांच्या तिजोरीवरील ताण वाचला. सैन्य आणि अधिकारी यांचे पगार रोख द्यावयाचे, वसाहती वाढवावयाच्या, आणि चांदी तेवढीच. हे निष्कर्ष सर्वच नाणेतज्ज्ञांना मान्य झाले नाहीत, आणि काही बाबतींत त्यांच्या शंका रास्त आहेत. पण शंका घेता आली ती तराजूमुळेच. वजने मांडलेली होती. दुसऱ्याने ती पुन्हा तोलून पाहावीत, एवढी सोय त्यांनी ठेवली होती.

नाण्यापाठीमागून प्रश्न आला तो नाणे वापरणाऱ्या समाजाचा. शेतकरी आपल्या पोटापुरते पिकवून वर जे पिकवितो ते वरकड कोण घेतो, कसे घेतो, आणि त्याचे काय करतो? १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासावरील मुख्य ग्रंथ या प्रश्नाभोवती उभा आहे. राजे आणि लढाया मागे सरल्या. नांगर, लोखंड, धान्याचे कोठार आणि व्यापारी वाट पुढे आली. सरंजामशाहीचे त्यांनी दोन टप्पे केले. एकात सम्राट मांडलिकांकडून खंडणी घेतो आणि गावाच्या आतील कारभारात हात घालीत नाही. दुसऱ्यात राजा आणि शेतकरी यांच्यामध्ये गावातूनच वतनदारांचा वर्ग वर येतो. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा मराठवाड्यात देशमुखी वा जहागिरीच्या अमलाखाली नांदले त्यांना ही विभागणी समजावून सांगण्याची गरज नाही. येथील जहागिरी १९४९ साली गेल्या आणि कुळकायदा १९५० साली आला, म्हणजे कोसंबी हे लिहीत होते तेव्हा तो इतिहास जिवंत होता.

त्यांची पद्धत पायी चालण्याची होती. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर गारेची बारीक हत्यारे वेचावी, शेंदूर फासलेल्या देवीच्या ठाण्याजवळ गुराख्याला थांबवून विचारावे, कार्ल्याच्या लेण्यातील दात्यांचे लेख पुन्हा वाचावे. हत्यारे जेथे सापडतात त्या रेषेवरच कित्येक जुनी ठाणी आणि यात्रेच्या वाटा येतात, हे त्यांनी दाखविले. वाटांवरून प्रदेश ओळखणे हा त्यांच्या भूमितीचाच प्रश्न होता, असे मला वाटते. त्यांनी स्वतः तसे म्हटले आहे असा माझा दावा नाही.

त्यांच्या समकालीन राजकीय अर्थशास्त्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे ते मला तितके भक्कम वाटत नाहीत. १९४६ साली नेहरूंच्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यांनी भारतीय भांडवलदार वर्ग वयात आल्याचे भाकीत मांडले. निबंध झणझणीत आहे, अनुमान बव्हंशी बरोबर ठरले, पण त्यात आकडे फार थोडे. ते काम त्याच पुण्यात दुसऱ्या एका संख्याशास्त्रज्ञाने केले. सातारचे वि. म. दांडेकर हे १९४५ पासून गोखले अर्थशास्त्र संस्थेत होते. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्यास १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढेही जमत नव्हते. उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक कामांवर रोजगार देण्याची शिफारस केली. ती कल्पना महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी आधीच धरली होती; १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर राबविली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. १९८३-८४ साली मराठवाड्यासह निरनिराळ्या विभागांचा अनुशेष मोजणाऱ्या समितीचे अध्यक्षही दांडेकरच होते. राज्याची सरासरी घ्यावयाची आणि कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते रस्ते, सिंचन, शाळा असे एकेक करून मांडावयाचे, ही त्यांची रीत. दांडेकरांच्या एकेका आकड्यामागे राष्ट्रीय नमुना पाहणीचे घरोघर फिरलेले कारकून होते, आणि त्या आकड्यांवर देशभर वर्षानुवर्षे वाद झाला. तो वाद त्यांनी अंगावर घेतला. कोसंबींच्या मागे अशी यंत्रणा नव्हती, आणि वादात ते प्रतिपक्षाला फारसे बोलू देत नसत.

आता गणिताकडे परत येतो, कारण प्रश्न तेथे अडला आहे. १९४५च्या सुमारास होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलाविले. पुण्याचे घर त्यांनी सोडले नाही. डेक्कन क्वीनने रोज जाणे-येणे करीत. १९४९ पासून के. चंद्रशेखरन यांनी त्या संस्थेत शुद्ध गणिताची जी शाखा उभारली ती जगातील उत्तम शाखांत गणली जाऊ लागली. परदेशांतील मोठे गणिती येऊन तेथे महिनोन्महिने व्याख्याने देत. म्हणजे अलीगढला जे थोडाच काळ लाभले ते आता एकाच छपराखाली पुन्हा उपलब्ध होते. कोसंबी त्यापासून दूर सरत गेले. त्यांचा वेळ इतिहासात जात होता. अणुशक्तीपेक्षा सौरशक्ती या देशाला परवडेल, असे ते जाहीरपणे सांगत होते. भाभांच्या संस्थेत हे म्हणणे सोपे नव्हते आणि त्यासाठी त्यांना मान दिला पाहिजे. पण सहकाऱ्यांशी दुरावा केवळ मतांचा नव्हता, स्वभावाचाही होता.

१९५९ साली, म्हणजे रीमान यांनी अविभाज्य संख्यांविषयीचे आपले प्रसिद्ध अनुमान मांडले त्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, ते अनुमान आपण सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी केला. तो छापला कोठे? कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात! तेथे तो तपासू शकेल असा कोणी असण्याचे कारणच नव्हते. युक्तिवाद संभाव्यतेवर उभा होता. यदृच्छेने निवडलेल्या संख्याक्रमांविषयी संभाव्यतेने पुष्कळ सांगता येते. परंतु अविभाज्य संख्यांचा क्रम एकच आहे आणि तो ठरलेला आहे. बहुतेक सर्व क्रमांविषयी जे खरे ते या एका क्रमाविषयीही खरे, ही उडी सिद्धतेत बसत नाही. ज्याने नाणी तोलताना ‘एका नाण्यावरून काही कळत नाही’ हे इतके नेमके ओळखले होते, त्याने हे करावे! या प्रकरणाने गणितज्ञांत त्यांची पत गेली. १९६२ साली संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालली नाही. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८.

‘संस्थेने त्यांचा छळ केला’ आणि ‘त्यांनी स्वतःच गणित सोडले’ अशा दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला दोन्ही अपुरे वाटते. इतिहासात त्यांना अडविणारे कोणी नव्हते असे नाही. नाणे होते, दगड होता, गुराखी होता. सिद्धांत चुकला तर तराजूचा काटा सांगत असे. शुद्ध गणितात असा काटा नसतो. तेथे दुसऱ्या गणितज्ञाखेरीज तपासणारे कोणी नाही, आणि त्या दुसऱ्यापाशी ते जात नाहीसे झाले होते.

याच्या उलट चित्र आपल्याच शहराने पाहिले आहे. १९ ते २७ ऑगस्ट २०१० या दिवसांत जागतिक गणित परिषद माधापूर येथे भरली. शंभराहून अधिक वर्षांच्या परंपरेत ही परिषद भारतात प्रथमच झाली. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते फील्ड्स पदके दिली गेली. चाळीसगावजवळच्या पाटण्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते शिलालेखाने नोंदले आहे त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीचे नाव दिलेला पुरस्कारही तेथेच सुरू झाला. पदक मिळालेल्यांत न्गो बाओ चाऊ हे व्हिएतनामी गणितज्ञ होते. लँग्लंड्स यांच्या कार्यक्रमातील ज्या ‘मूलभूत लघुप्रमेया’ची सिद्धता त्यांनी दिली ते सुमारे तीस वर्षे अडून बसले होते. लँग्लंड्स, शेल्स्टॅड, कॉटविट्झ, वाल्डस्पर्गर, लोमों अशा अनेकांनी त्याचे एकेक टोक सोडविले होते. न्गो यांनी शेवटची गाठ सोडविली आणि सिद्धता शेकडो पानांनिशी इतरांच्या हवाली केली. ती पानोपान तपासली गेल्यावरच पदक आले.

आपल्या मुलांपैकी कोणी या वाटेने जाईल तर त्याला उत्तम पुस्तके आज घरबसल्या मिळतील. वही परत देणारा माणूस मिळेलच असे नाही. म्हणून संस्थेच्या चालकांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. खर्च जवळजवळ नाही. १९९२ पासून काही वर्षे निघालेली पोलादी एक रुपयाची नाणी ४.८५ ग्रॅमची होती; २०११ पासून काही वर्षे निघालेली ३.७९ ग्रॅमची होती, म्हणून निरनिराळ्या वजनांची नाणी मिसळू नयेत. मुलांनी घरून जुन्या वजनाची नाणी आणावीत, सालवार वाटावीत आणि प्रयोगशाळेतील तराजूवर प्रत्येक सालाची निदान पन्नास नाणी तोलावीत. पोलाद चांदीपेक्षा फार कमी झिजते. कदाचित सरासरीत फरकच दिसणार नाही. दिसला नाही तर तसेच लिहावे. नाणी दुसऱ्या तुकडीकडे द्यावीत, त्यांनी पहिल्यांचे आकडे न पाहता ती पुन्हा तोलावीत आणि मग दोन्ही तक्ते एका फळ्यावर मांडावेत.